मस्टरवरची दुसरी ओळ

आमच्या पेन्शनर महिला मंडळाच्या कुसुमताईंनी दिवाळी अंकासाठी प्रत्येकीकडून एक लेख मागितला आहे. त्या मुख्याध्यापिका होत्या. मला म्हणाल्या, "पुष्पा, तू जन्मभर मुलींना जेवू घातलंस, तू लिहिलंच पाहिजे." मी हो म्हटलं, कारण नाही म्हणायला जास्त बोलावं लागतं. घरी आले आणि नातीच्या गेल्या वर्षीच्या वहीतली कोरी पानं उघडून बसले. अंकात द्यायचं की नाही ते ठरलेलं नाही. सध्या माझ्यासाठीच लिहिते आहे.

अमरावतीला मुलींच्या सरकारी वसतिगृहात मी एकोणतीस वर्षं स्वयंपाकीण होते. चौथी पासचा दाखला दाखवला आणि नोकरी लागली. तेव्हा तसं होतं. साठाव्या वर्षी घरी आले, त्याला आता सहा वर्षं झाली.

लोकांना वाटतं, घरी चार जणांचा करतो तोच स्वयंपाक मोठ्या भांड्यात केला की झालं. तसं नसतं. घरी वरण खारट झालं तर पाणी घालून भागवता येतं. वसतिगृहात खारट झालं तर साठ मुली उपाशी शाळेत जातात. म्हणून मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, मीठ तीनदा टाकायचं आणि तिसऱ्यांदा हात आखडता घ्यायचा. कणीक एकीने मळायची, दुसरीने लाटायची, तिसरीने भाजायची. आम्ही तिघी होतो. मुलींच्या आधी गृहपाल बाई, म्हणजे वसतिगृह सांभाळणाऱ्या बाई, पहिलं ताट घ्यायच्या आणि चव वहीत लिहायच्या. पोळी मऊ, भाजी तिखट, असं काहीतरी. चांगलं लिहिलं असलं की शांताबाई मला वाचून दाखवायला लावायच्या. त्या आमच्यात मोठ्या, पण त्यांना वाचता येत नव्हतं.

दुसरी वही मस्टरची, म्हणजे हजेरीची. पहाटे भट्टी पेटवायच्या आधी सही करायची. पहिल्या ओळीत शांताबाईंचा अंगठा, दुसऱ्या ओळीत माझी सही. मी माझं नाव, नवऱ्याचं नाव आणि आडनाव असं पूर्ण लिहीत असे. दिवसभरात मी लिहायची ते तेवढंच. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात घाईत माझ्या हातून चुकीच्या तारखेला सही झाली आणि मी ती खोडली. गृहपाल बाईंनी ऑफिसात बोलावलं. मला वाटलं, नोकरी गेली. त्या म्हणाल्या, "पुष्पाबाई, सरकारी कागदावर खोडलं तर बाजूला सही करायची. कोणी खोडलं ते कळलं पाहिजे." मी त्या खोडीजवळ सही केली. हे मी पुढे कधी विसरले नाही.

मी कधीच खोटं बोलले नाही असं मात्र नाही. नांदगाव खंडेश्वरकडची एक मुलगी रोज जेवताना दोन पोळ्या ओढणीत बांधून न्यायची. पोळ्या मोजल्या की दोन कमी भरायच्या. गृहपाल बाईंनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, माझ्या मोजण्यात चूक होते. पुढे कळलं की दर रविवारी तिची आई भेटायला यायची, आणि फाटकाबाहेर बसून त्या वाळलेल्या पोळ्या पाण्यात बुडवून खायची. मी रविवारी त्या माउलीला ताट वाढायला लागले आणि चव वहीत काही लिहिलं गेलं नाही. तोंडी खोटं मी असं बोलले आहे. मस्टरवर कधी लिहिलं नाही.

आता निवृत्तीनंतरचं.

माझं चांगलं चाललं आहे, हे कबूल करते. दोन खोल्यांचं घर झालं. सकाळी मंडळाच्या बायकांबरोबर फिरायला जाते. वर्षातून एकदा आमची बस निघते, सांचीला गेलो, बोधगयेला गेलो. मागच्या वर्षी मी मागे रेलणारी, पाय वर होणारी खुर्ची घेतली. एकोणतीस वर्षं उभी राहिलेली बाई आहे मी. ती खुर्ची घेताना मला अजिबात लाज वाटली नाही.

माझा मुलगा प्रवीण अकोल्याला दालमिलमध्ये आहे. सून सुजाता अकोल्याच्याच मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करते, म्हणजे माझंच काम. पण मी सरकारची होते, ती ठेकेदाराची. मी चौथी पास, ती बी.ए. तिला पेन्शन नाही, रजा नाही, आणि ठेका संपला की तीही संपली. ते भाड्याच्या एका खोलीत राहतात. नातीची फी मी भरते. प्रवीण ती घेतो. सुजाता त्या दिवशी माझ्याशी कमी बोलते.

ती दिवाळीला आली आणि दारातच थांबली. खुर्चीकडे पाहून म्हणाली, "नवी घेतली?"

"गुडघ्यांसाठी."

"तुमचं बरं हाय, आई."

एवढंच. पण भाकरी थापताना तिचा हात जरा जोरात पडत होता. मी विचारलं, "काय झालं वं?" तेव्हा ते बाहेर आलं.

"काय होते? तुमी भाकरी केल्या, मीबी करते. तुमचा भत्ता खुर्चीत बसल्या बसल्या वाढते. इकडे तेल वाढते, गॅस वाढते, खोलीचं भाडं वाढते, अन माझा पगार तीन वर्षांपासून तिथंच. काहून? सांगा न मले."

"मी काय सरकार हाय काय?"

"सरकार नाही. पन मंडळात तुमीच म्हनता न, आजकालच्या पोरींले काम नको म्हनून?"

हे मी म्हटलं होतं. आमच्या घरीच बायका जमल्या होत्या, सुट्टीत आलेली नात तिथे खेळत होती, तिने ऐकलं असणार. मी सहसा बोलत नाही. त्या दिवशी सगळ्या म्हणत होत्या म्हणून मीही म्हटलं. आमच्यासारखं राबून पाहा म्हणावं, असंही पुढे जोडलं होतं. मी ताटं मांडायला घेतली. मनातून मात्र मला तिचाच राग आला. मी फुकटचं खात नव्हते. हाताला फोड आणून मिळवलेलं खात होते.

फेब्रुवारीत प्रवीणचा फोन आला. "आई, सुजीले कावीळ झाली. डोळे हयदीसारखे पिवळे झाले. तरी कामावर जाऊन राहिली."

मी त्याच दिवशी एस.टी.ने अकोल्याला गेले. सुजाता भिंतीला टेकून बसली होती. कावीळ झालेल्या बाईने मुलींच्या अन्नात हात घालू नये, हे तिलाही कळत होतं. म्हणाली, "चार खाडे झाले की ते दुसरी बाई आनतात. मंग मले कोन घेते?"

"उद्यापासून मी जाते," मी म्हटलं.

मग तिने सगळं समजावून सांगितलं. तांदूळ कुठे, डाळ कुठे, कोणत्या शेगडीचा बर्नर बिघडला आहे. शेवटी म्हणाली, "मस्टर कपाटावर असते. पयल्या ओळीत फक्त सुजाता लिहा. दुसऱ्या ओळीले हात लावू नका."

"दुसरी ओळ कोनाची?"

"ज्योती म्हनून बाई हाय."

"मंग ते करन न मले मदत?"

"तीन वर्षांत मी तिले पाह्यली नाही, आई. तिची सही सुपरवायझर करते. पगारबी तिकडंच जाते. तुमी काही इचारू नका."

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. पहाटे पाच वाजता गेले. दिवा लावला, मस्टर काढलं, सही केली आणि शेगडी पेटवली. ऐंशी मुली आणि मी एकटी. मीच मळायचं, मीच लाटायचं, मीच भाजायचं. लाटताना तव्यावरची करपायची, तवा पाहिला की कणीक वाळायची. तेल ठेकेदाराने मोजून दिलेलं. वरणाला फोडणी दिली तर भाजीला उरत नव्हतं. आजकालच्या पोरींना काम नको, असं मी म्हटलं होतं. पन्नासाव्या पोळीच्या सुमाराला ते वाक्य मला आठवलं. त्यानंतर किती पोळ्या केल्या ते मोजलं नाही.

इथल्या गृहपाल मॅडम तरुण आहेत, माझ्या सुनेच्या वयाच्या. त्यांचीही नेमणूक अकरा महिन्यांची. त्यांनी ताट घेतलं, एक घास खाल्ला आणि विचारलं, "आजी, तुमचं नाव काय?" मी सांगितलं. त्यांनी चव वहीत लिहिलं. नाव कशाला विचारतात, ते माझ्या लक्षात आलं नाही.

दुपारी ठेकेदाराचा सुपरवायझर तेलाचा डबा घेऊन मोटारसायकलवर आला. तिशीतला माणूस. बोलायला गोड होता.

"सुजाताबाई कुठी?"

"बिमार हाय. मी तिची सासू."

"असू द्या, असू द्या. पोरी जेवल्या न? बस." त्याने स्वतःच एक पोळी उचलली, तिच्यात भाजी गुंडाळली आणि खात खात मस्टर उघडलं. दर शनिवारी आठवड्याच्या सह्या एकदम करायच्या, ही त्याची पद्धत. दुसऱ्या ओळीत सोमवार, ज्योती. मंगळवार, ज्योती. शुक्रवारपर्यंत आला आणि थांबला.

"हे काय लिहिलं मावशी?"

मी वाकून पाहिलं. शनिवारच्या चौकटीत, दुसऱ्या ओळीत, माझी सही होती. माझं नाव, नवऱ्याचं नाव आणि आडनाव. पहिली ओळ कोरी होती. मी शपथेवर सांगितलं असतं की मी सुजाता लिहिलं. पण एकोणतीस वर्षं पहाटेच्या वेळी हात जिथे जायचा तिथेच गेला आणि जे लिहायचा तेच लिहून आला.

"चूक झाली बाप्पा," मी म्हटलं.

"होते, होते. खोडा हे."

त्याने पेन दिलं. मी घेतलंही. खोडायला टेकवलं आणि विचारलं, "बाजूले सही कोनाची करू?"

"कायची सही?"

"खोडलं की खोडनाऱ्याची सही लागते. मी खोडलं तर पुन्हा माझीच सही येईन. तुमी खोडता काय? मंग तुमची करा."

मी हे खरंच विचारत होते. मला जे शिकवलं होतं तेच मी सांगत होते. पण त्याचा चेहरा बदलला. त्याने पेन परत घेतलं, चौकटीवर आणलं आणि तसंच धरून ठेवलं. पान फाडता येत नव्हतं. पानांवर छापील नंबर होते. मग तो माझ्याकडे नीट पाहायला लागला आणि मला कळलं की आपण कशावर बोट ठेवलं आहे. ज्योती नसते, हे त्या सहीमुळे दिसत होतं.

"मावशी, शहाणपना करू नका," तो म्हणाला. गोडवा गेला होता. त्याने सुजाताला फोन लावला आणि आवाज मोठा ठेवला. "तुमच्या सासूबाईनं मस्टर खराब केलं. त्याईले सांगा खोडाले. नाहीतर उद्यापासून तुमी येऊ नका."

पलीकडून सुजाता म्हणाली, "आई, खोडा न."

मी पेनाला हात लावला नाही.

"आई, खोडा! तुमाले काय होते? तुमची पेन्शन त येतेच हरेक महिन्याले. तुमाले खऱ्याची हौस परवडते. माही भाकर चालली न!" ती रडत होती आणि ओरडत होती. पुढचं नीट ऐकू आलं नाही.

भर स्वयंपाकघरात, परक्या माणसासमोर, माझ्या सुनेने मला हे सुनावलं. मी पिठाच्या डब्यावर बसले. आणि बसल्यावर वाटलं की ती बोलली त्यात एक शब्द खोटा नाही. मला परवडतं. ही नोकरी गेली तर जाणार तिची. ठेकेदार माझं काही बिघडवू शकत नव्हता. तीन वर्षं ती ओळ रोज तिच्या डोळ्यांसमोर होती आणि तिला गप्प राहावं लागलं, कारण तिच्यामागे काही नव्हतं. माझ्यामागे होतं. मग हे काम माझंच होतं. आमच्या एवढ्या मंडळात, एवढ्या पेन्शनी खाणाऱ्यांत, बोलायचं कोणी? जिला दुसऱ्या दिवशी चूल पेटवायची चिंता आहे तिने?

भीती गेली नाही. पण मी उठले.

"सुजी, मी खोडत नाही," मी फोनकडे तोंड करून म्हटलं. "तुही नोकरी जाऊ देत नाही." आणि सुपरवायझरला म्हटलं, "माहं नाव त्या ओळीत राहीन. तीन आठवडे मी येते, माह्या सुनेच्या बदली नाही, त्या ओळीत. सुजाताची रजा मांडा, बिनपगारी मांडा. अन ते बरी होऊन आली का या खालच्या ओळीत खरी बाई ठेवा. जिवंत, दोन हाताची."

"तुमी कोन ठरवनाऱ्या?"

"सहीवाली."

तो दाराकडे वळला. मॅडम कधीपासून तिथे उभ्या होत्या, देव जाणे. "मॅडम, तुमीच सांगा," तो म्हणाला, "या बाईले तुमी ओयखता तरी काय?"

मॅडमनी मान खाली घातली. मला वाटलं, नाही म्हणतील, आणि म्हटलं असतं तरी मी त्यांना बोल लावला नसता. त्या हळूच म्हणाल्या, "सकाळी मी चव घेतली. पोळी मऊ, वरण चांगलं, स्वयंपाक पुष्पाबाई. वहीत लिहून झालंय."

आता दोन वह्यांत माझं नाव होतं.

तो बाहेर जाऊन बराच वेळ फोनवर बोलला. मी खिडकीतून पाहत नव्हते. संध्याकाळच्या जेवणाची वेळ होत आली होती आणि कणीक मळायची होती. ऐंशी मुलींसाठी त्या घटकेला दुसरी बाई त्याला मिळणार नव्हती, हे मला माहीत होतं आणि त्यालाही. परत आला तेव्हा एवढंच म्हणाला, "करा तुमी. पाहू." एरवी तो अर्धं तेल मोजून देऊन डबा परत न्यायचा, त्या दिवशी पूर्ण डबा ठेवून गेला.

मी तीन आठवडे रोज पहाटे गेले आणि दुसऱ्या ओळीत सही केली. गुडघे सुजले. रात्री सुजाताच्या खोलीत आम्ही दोघी हातभर अंतरावर झोपायचो. पहिले आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. उसाचा रस आणून दिला तर घ्यायची, पण नातीच्या हातून. नवव्या दिवशी मी पाय चोळत बसले होते. तिने माझ्या हातातली तेलाची वाटी घेतली आणि माझा पाय आपल्या मांडीवर ओढला.

"लय दुखते काय?"

"तुले नाही दुखत काय, रोजचं?"

"दुखते," ती म्हणाली. मग चोळता चोळता म्हणाली, "राग गेला असं समजू नका. तुमची खुर्ची पाह्यली का मले अजूनबी वाईटच वाटते."

"वाटू दे," मी म्हटलं. "खुर्ची मी वापस करत नाही."

ती हसली. पिवळेपणा बराच उतरला होता.

मार्चच्या सुरुवातीला ती कामावर गेली, तेव्हा दुसऱ्या ओळीत रुक्साना नावाची बाई आली होती. खरीखुरी. तिच्या पोळ्या जाड होतात असं सुजाता म्हणते, पण दोघींत काम सकाळी नऊच्या आत उरकतं. ज्योतीचं नाव कुठे गेलं ते कोणी विचारलं नाही. मला विचारायला पाहिजे होतं. जुन्या तीन वर्षांचं काय, हेही विचारायला पाहिजे होतं. तेवढा धीर झाला नाही, आणि ते मला अजून खुपतं. ठेका पुढच्या वर्षी बदलेल. नवा ठेकेदार आला की पुन्हा कोणी ज्योती येईल की काय, सांगता येत नाही. आली तर मी जाईन. मॅडमनी मला त्यांचा नंबर दिला आहे.

पगार अजून तेवढाच आहे. पेन्शन नाहीच. ते एका सहीने होणारं नाही. मंडळाच्या मागच्या बैठकीत महागाई भत्त्याचा अर्ज लिहायचं चाललं होतं. एक बाई म्हणाल्या की हल्लीच्या सुनांना आपलं सुख पाहवत नाही. मी उभी राहिले. सगळ्या वळून पाहायला लागल्या, कारण मी उभी राहत नाही. मी म्हटलं, "माझी सून बी.ए. आहे आणि माझंच काम करते. तिचंही आपल्या अर्जात लिहा." आणि बसले. कुसुमताईंनी कागद पुढे ओढला आणि एक ओळ वाढवली. तो अर्ज कुठे गेला, माहीत नाही. पुढच्या बैठकीत मी परत विचारणार आहे.

हे लिहायला मला पंधरा दिवस लागले. अंकात द्यायचं झालं तर त्याआधी वही अकोल्याला नेणार आहे, सुजाताला वाचायला. तिचं बोलणं मी जसं झालं तसंच लिहिलं आहे, आणि तिला काही खोडावंसं वाटलं तर तो तिचा हक्क आहे. तिने खोडावं. फक्त बाजूला सही करावी. माझ्या खोडी भरपूर आहेत. प्रत्येक खोडीजवळ मी सही केली आहे.